ओल ऐकायची पेटी

अण्णा,

प्लास्टरची पहिली नीट वडी आईने थापली, हे तुम्ही शेतावरच्या साहेबांना कधी सांगितलंत की नाही, मला माहीत नाही. मोडलेल्या हाडांना लावतात ते पांढरं प्लास्टर तुम्ही नगरच्या दवाखान्यातून डबाभर आणलं होतंत. मिरजगावच्या आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही ते पातेल्यात कालवत होतात आणि साच्यात ओतायच्या आत ते पातेल्यातच घट्ट होत होतं. दोनदा पातेलं खरवडून झालं. आई चुलीपाशी भाकऱ्या करत होती. तिने तवा उतरवला, हात धुतले, तुम्हाला बाजूला सरकायला सांगितलं आणि एका वेळी एकाच वडीपुरतं कालवायला घेतलं. काड्यापेटीच्या रिकाम्या खोक्याला आतून तेलाचा हात लावायचा, त्यात दोन उघड्या तारा एकमेकींना लागणार नाहीत अशा उभ्या धरायच्या आणि वरून ते दाटसर पांढरं ओतायचं. तारा धरायचं काम माझं होतं. संध्याकाळपर्यंत सुपात वड्या वाळत पडल्या, प्रत्येकीला दोन लांब शेपट्या. शेजारच्या बाईंनी डोकावून विचारलं, कसल्या वड्या केल्यात. आई म्हणाली, ‘‘जमिनीत पुरायच्या.’’ त्या तशाच परत गेल्या आणि आपण हसत सुटलो. तुम्ही जरा उशिरा हसलात. काय झालं ते आईने तुम्हाला पुन्हा सांगितलं, तेव्हा.

मी त्या उन्हाळ्यात बी.ए. होऊन घरी आले होते. गणित घेतलेली मुलगी घरात बसवून काय करायचं, हा प्रश्न होता. आईच्या माहेरी त्याचं उत्तर तयार होतं आणि मामा नगरहून स्थळांची पत्रं पाठवत होता. तुम्ही त्या पत्रांवर बोलत नव्हतात. एकूणच तुम्ही कमी बोलत होतात. लढाईच्या वर्षांत तुम्ही लष्करात वायरलेसच्या पेट्या दुरुस्त केल्यात, लांबच्या मुलखांत राहिलात, आणि परत आलात ते जास्त शांत होऊन. आम्ही समजलो, लढाईहून आलेली माणसं अशीच होत असतील. मग मिरजगावजवळच्या त्या सरकारी प्रयोगाच्या शेतावर यंत्रं सांभाळायची जागा मिळाली आणि आपण तिघं नगर सोडून तिकडे गेलो. घर कौलारू, दोन खोल्यांचं, पुढे बोडकं मैदान आणि मैदानापलीकडे काळी जमीन, थेट दिसेनाशी होईपर्यंत.

शेतावरचे साहेब तिशीतले होते, पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकलेले. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत असे. त्या भागात पाऊस भाद्रपदात पडला तर पडतो, आणि मग सगळी रब्बीची ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर काढायची. ही ओल जास्त दिवस कशाने टिकते? बांध घातल्याने, खोल नांगरल्याने, की कुळवाच्या जास्त पाळ्या देऊन वरची माती मोकळी ठेवल्याने? प्रत्येकाचं मत वेगळं होतं आणि मोजलं कोणीच नव्हतं. मोजायचं म्हणजे गिरमिटाने माती काढायची, वजन करायचं, भट्टीत वाळवायची, पुन्हा वजन करायचं. एका ठिकाणची माती एकदाच काढता येते. दुसऱ्या दिवशी काढाल ती शेजारची, म्हणजे दुसरीच. साहेबांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की अमेरिकेत प्लास्टरच्या वड्या जमिनीत पुरून ठेवतात. माती ओली असली की वडी ओली होते आणि तिच्यातून वीज सहज जाते. माती सुकली की वडी सुकते आणि वीज अडते. किती अडते ते वर बसून मोजायचं, रोज, त्याच जागी, एक वडी वीतभर खोल आणि एक दोन फुटांवर. त्यांनी ते पान तुमच्यासमोर ठेवलं आणि विचारलं, जमेल का. तुम्ही आकृतीकडे बघत राहिलात आणि म्हणालात, पेटी मी करतो, वड्यांचं बघू.

ती पेटी मला अजून जशीच्या तशी दिसते. सागवानी खोकं, खांद्याला अडकवायला पट्टा, आत कोरड्या बॅटऱ्या आणि एक लहानसा थरथरणारा पत्रा, त्याने विजेची गुणगुण तयार व्हायची. वरच्या बाजूला आकडे कोरलेली चकती. कानाला लावायची दोन टोपणं, लष्करातून मोडीत निघालेली. वडीच्या शेपट्या पेटीला जोडायच्या, टोपणं कानाला लावायची आणि चकती फिरवायची. वडी आणि चकती जुळत नाहीत तोवर कानात गुणगुण. जुळायला लागल्या की आवाज बारीक होत जातो, जुळल्या की बंद. अजून पुढे फिरवलं की परत वाढतो. आवाज बंद झाला तिथला आकडा लिहून घ्यायचा. लहान आकडा म्हणजे ओल, मोठा म्हणजे कोरड. तुम्ही मला हे समजावलंत तेव्हा मी म्हणाले होते, म्हणजे ऐकू येणं थांबलं की समजायचं सापडलं. तुम्ही मान हलवलीत. तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा काही होतं का, ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

शेताला लागून तात्यांची जमीन होती. त्यांचा एक पट्टा साहेबांनी प्रयोगाला मागून घेतला होता. तात्यांना उरलेल्या रानात बांध घालायचे की नाही हे ठरवायचं होतं. बांधाखाली जमीन जाते, माणसं लावावी लागतात, आणि भाऊबंद हसतात. म्हणून ते रोज येत. कोणत्या तुकड्यात बांध आणि कोणत्यात नाही हे साहेबांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं, ते त्यांना मुळीच पटलं नाही. मी समजावलं, आपण निवडलं तर चांगली जागा आपल्या आवडत्या उपायाला देऊन बसतो. त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘‘व्हय, मीबी तसंच केलं असतं.’’ तुम्ही एकदा त्यांच्या कानाला टोपणं लावून दिलीत. ते उकिडवे बसले, डोळे मिटले. ‘‘आत भुंगा हाय,’’ म्हणाले. तुम्ही चकती फिरवलीत. ‘‘आता गेला. गेला म्हंजी वल घावली, न्हाई का?’’ मी हो म्हटलं. ‘‘आन माझ्या रानात भुंगा गेलाच न्हाई तर?’’ फार सुकलेल्या जमिनीत चकतीची हद्दच संपते, हे आपल्याला नंतर कळलं.

त्याच दिवसांत नगरहून हैदराबादच्या हद्दीकडे लष्कराच्या गाड्या जात होत्या आणि गावात रोज नवी बातमी उठत होती. जमिनीत तारा पुरून कानाला टोपणं लावून बसणारा माणूस निजामाकडचं काही ऐकतो की काय, असं कोणीतरी पोलीस पाटलांच्या कानावर घातलं. पाटील चौकशीला आले. तुम्ही पेटी उघडून दाखवलीत, टोपणं दिलीत. त्यांनी खूप वेळ ऐकलं, मग साहेबांना विचारलं, ‘‘ह्यात बोलत कुनी न्हाई?’’ साहेब म्हणाले, कोणी नाही. पाटलांना जरा वाईटच वाटल्यासारखं दिसलं.

आकडे माझ्याकडे येत. दर संध्याकाळी तुम्ही दिवसाचे, मोजल्या क्रमाने लिहिलेले कागद आणून देत आणि मी जमिनीवर पसरून बसत असे. आमच्या कॉलेजात संख्याशास्त्राचा वर्ग तेव्हा नुकता सुरू झाला होता आणि मी हौसेने बसले होते, म्हणून साहेबांनी ते काम माझ्यावर सोपवलं. कल्पना साधी होती. बांधाचे तुकडे आणि बिनबांधाचे तुकडे यांच्या आकड्यांत फरक किती, आणि एकाच तऱ्हेच्या तुकड्यांच्या आकड्यांत आपसांत फरक किती. पहिला दुसऱ्याहून चांगला मोठा असेल तरच म्हणायचं की बांधाने काही झालं. नाहीतर तो नुसता गोंधळ. मी आकड्यांचे वर्ग करत होते, बेरजा करत होते, आणि उत्तर रोज तेच येत होतं. पावसानंतर जमीन ओली होती तोवर सगळं छान जुळत होतं. जसजशी जमीन सुकायला लागली, तसतसा आपसांतला फरक वाढत गेला आणि बांध काय, खोल नांगरट काय, सगळं त्यात बुडून गेलं. एके दिवशी मला कंटाळा आला. दोनतीन आकडे इतके वेडेवाकडे होते की मी त्यांच्यावर रेघ मारली आणि बेरीज पुन्हा केली. ती लगेच सुधारली. तुम्ही मागे उभे होतात. तुम्ही मला तोवर कधी रागावला नव्हतात, निदान आठवत तरी नाही. ‘‘नकोसा आकडा खोडायचा नसतो,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘तू असा का, म्हणून त्याला विचारायचं.’’ आणि माझ्या हातातली पेन्सिल घेऊन बाजूला ठेवलीत. मी त्या दिवशी जेवले नाही. नंतर चाळीस वर्षांच्या शिकवण्याच्या नोकरीत हेच वाक्य मी माझं म्हणून मुलांना सांगत आले.

मग मी विचारायला लागले. आधी भेगांना विचारलं. काळी जमीन सुकली की तडकते, भेग वडीच्या बाजूने गेली की वडीभोवती पोकळी होते आणि आकडा खोटा येतो. तात्यांच्या पट्ट्यात एक वडी उकरून पाहिली. माती तिला घट्ट चिकटलेली होती. मग सांध्यांना विचारलं. तारांचे जोड तुम्ही पुन्हा डाग देऊन पक्के केलेत, गोंधळ तसाच. दुपारच्या उन्हाचा काही परिणाम असेल म्हणून तुम्ही एक आठवडा फक्त सकाळी गेलात. तेही नाही. आईला मी रोज जेवताना हे सगळं सांगत असे आणि ती वाढता वाढता मधेच एखादा प्रश्न विचारी. एकदा तिने विचारलं, ‘‘ह्यांनी एकाच वडीचं लागोपाठ दोनदा मोजलं तर तोच आकडा येतो का?’’ ते कोणी केलंच नव्हतं. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ताटाकडे बघून जेवत होतात.

ते करायच्या आधी मी कागदावर ठिपके काढले. एका कोरड्या तुकड्याचे सगळे आकडे एका ओळीत, लहानाकडून मोठ्याकडे. मला वाटलं होतं ठिपके मधे दाटीने पडतील आणि कडेला विरळ होतील, तसं होतं बहुधा. इथे उलटं होतं. ठिपक्यांचे दोन घोळके होते, एक लहान आकड्यांकडे, एक मोठ्या, आणि मधे मोकळी जागा. खरा आकडा जिथे असायला हवा तिथे कोणीच नव्हतं. दुसरा तुकडा काढला, तेच. कोरडे सगळे तुकडे तसेच, ओल्यांत मात्र दोन घोळके जवळजवळ मिसळलेले. मी कोणता ठिपका कोणत्या घोळक्यात जातो ते बघायला लागले. दिवस नाही, वेळ नाही, हवा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, तुम्ही शेतावर गेला होतात तेव्हा, मला दिसलं. तुम्ही आदल्या क्षणी कुठे होतात यावर ते ठरत होतं. ओल्या तुकड्यातून कोरड्यात आलात की आकडा लहान. अगदी सुकलेल्या वरच्या थराची वडी मोजून आलात की मोठा. मला आधी हसू आलं. तुम्ही कुठून चालत आलात हे मातीला कसं कळणार? मातीला कळत नव्हतं. पण चकती आधीच्या आकड्यावर थांबलेली असे. तिथून तुम्ही पुढच्या जागेकडे येत असा, कधी खालून, कधी वरून. दोन्हीकडून येताना आवाज बारीक होत जायचा, आणि तुमच्यासाठी तो फार लवकर संपायचा. कोरड्या वडीचा आवाज मुळातच क्षीण. खऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना तुमच्यासाठी शांततेचा एक रुंद पट्टा होता आणि तुम्ही त्याच्या अलीकडच्या काठावर थांबत होतात.

हे कळल्यावर मला झालेला आनंद मी लपवणार नाही. पहिल्यांदा झाला तो आनंदच. ते तुमच्या कानांविषयी आहे, हे मनात उतरायला थोडा वेळ लागला. मग उशिरा हसणं आठवलं, न दिलेली उत्तरं आठवली, दारात उभं राहून तुमच्या पाठीला मारलेल्या हाका आठवल्या. ज्या माणसाची नोकरी ऐकण्याची, त्याला ऐकू येत नाही, हे मी साहेबांच्या हातात देणार होते का? दोन दिवस मी तो कागद वहीत दडवून ठेवला. मग एक युक्ती सुचली. प्रत्येक वडी दोन्ही बाजूंनी मोजायची, खालून एकदा आणि वरून एकदा, आणि मधला आकडा घ्यायचा. काठ दोन, मध्य खरा. कान कसाही असो. कानाचं नावही काढायला नको. मी ते तुम्हाला अगदी सहज सांगितलं, नवी रीत म्हणून, ओट्यावर बसून तुम्ही पेटीच्या बॅटऱ्या बदलत होतात तेव्हा. ठिपक्यांचा कागदही दाखवला.

तुम्ही कागद गुडघ्यावर ठेवलात. दोन्ही घोळक्यांवरून बोट फिरवलंत, मधल्या मोकळ्या जागेवर येऊन थांबलात. खूप वेळ गेला. आई दारात येऊन उभी राहिली होती.

‘‘म्हणजे मला ऐकू येत नाही,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘ते हे आहे. इथपासून इथपर्यंत.’’

मी म्हटलं, ‘‘तसं नाही, अण्णा.’’

‘‘तसंच आहे. चांगलं काढलंस.’’ आणि मग, कागदाची घडी न घालता मला परत देत, ‘‘साहेबांना मी सांगतो. तू नको सांगूस.’’

मी आणि आई घरात थांबलो. तुम्ही टोपी घालून गेलात. आई तांदूळ निवडायला बसली. निवडून झाले तरी ताट खाली ठेवेना. तुम्ही परत आलात तेव्हा साहेब बरोबर होते आणि पेटी त्यांच्या खांद्यावर होती. ते सरळ तात्यांच्या पट्ट्यात गेले आणि आपण तिघं मागोमाग. त्यांनी स्वतः टोपणं लावली आणि एका वडीचा आकडा खालून घेतला, मग वरून घेतला. दोन्ही सारखे नव्हते. तुमच्याइतका फरक नव्हता, पण होता. ते बांधावर टेकले आणि म्हणाले की इतक्या दिवसांत हे सगळ्यांनीच तपासायला हवं होतं, त्यांनी स्वतःही. मग तुमच्याकडे वळून, तुम्हाला ऐकू जाईल असं सावकाश म्हणाले, ‘‘पेटी तुमचीच आहे. उद्यापासून दोन्ही बाजूंनी घ्या.’’ नोकरीबद्दल तेवढंच बोलणं झालं. तात्या तिथेच होते, त्यांना कळेना काय चाललंय. घरी येताना आई पुढे चालत होती आणि तुम्ही तिच्या मागून. तुम्ही मधेच वाकून ढेकूळ उचललंत, चुरडलंत आणि हात झटकलेत.

दोन्ही बाजूंच्या मोजणीने गोंधळ इतका बसला की महिनाभरात उत्तर दिसायला लागलं. वरच्या वीतभरात कशानेच फरक पडत नव्हता, ऊन सगळ्यांना सारखंच सुकवत होतं. पण दोन फुटांखाली, बांध घातलेल्या तुकड्यांत ओल टिकून होती, आणि ज्वारी पोटरीत आली, कणीस बाहेर पडायच्या बेतात होतं, तेव्हाही होती. खोल नांगरटीचं आणि कुळवाच्या पाळ्यांचं नक्की काही सांगता येत नव्हतं आणि साहेबांनी तसंच लिहिलं. तात्यांना तुम्ही मुद्दाम बोलावून सांगितलंत. ते म्हणाले, ‘‘म्हंजी वर बघून कळायचं न्हाई.’’ पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी अर्ध्या रानात बांध घातले. अर्ध्याच का, असं मी विचारलं तर म्हणाले, तुमच्यासारखं, दोन्ही बाजूंनी बघतो. मामाला तुम्ही त्याआधी संक्रांतीला पत्र टाकलंत की मुलगी पुढे शिकायला पुण्याला जाते आहे, स्थळं बघू नयेत. मला ते आईकडून कळलं. तुम्ही माझ्याशी त्याविषयी कधीच बोलला नाहीत, नुसती एस.टी.च्या गाडीत ट्रंक चढवून दिलीत.

तुमचे आकडे मी उतरवून घेतले होते ते मी आयुष्यभर वर्गात वापरले. नाव न सांगता, एका शेतावरचं उदाहरण म्हणून. ठिपक्यांचे दोन घोळके फळ्यावर काढायचे आणि मुलांना विचारायचं, हे कशामुळे. कोणी भेगा म्हणतं, कोणी यंत्र, आणि एखादा हुशार असतो त्याला माणूस सुचतो. निवृत्त झाल्यावरही मी कधीमधी एखादा तास घ्यायला जाते. गेल्या महिन्यात असाच घेतला. तास संपल्यावर एक मुलगी मागे राहिली. जामखेडकडची आहे, बोलताना अजून गाव जाणवतं. तिने सगळे आकडे आठवड्याप्रमाणे वेगळे करून पाहिले होते. एवढ्या वर्षांत मी ते केलं नव्हतं, मला माझे दोन घोळके पुरेसे होते. ती म्हणाली, ‘‘मॅडम, हा एक आठवडा असा का नाही?’’ मी पाहिलं. तो आठवडा आपण दोन्ही बाजूंनी मोजायला लागण्याच्या पुष्कळ आधीचा. कोरडे तुकडे, तीच पेटी, मूळ कागदांवर तुमचंच अक्षर होतं, मला आठवतं. आणि आकडे नीट मधे. कुठून चालत आलात याचा काही परिणाम नाही. एक आठवडाभर अण्णा, तुम्हाला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.

मी घरी येऊन विचार करत बसले. त्या आठवड्यात मी नगरला मामाकडे होते, एका स्थळाला दाखवायला नेलं होतं. घरी तुम्ही आणि आई दोघंच. मग आठवलं, साहेब पेटी घेऊन बांधावर बसले होते तेव्हा आईनेही एकदा टोपणं मागून घेतली होती. चकती तिने बोटांच्या टोकांनी, थेंबथेंब तेल सोडावं तशी फिरवली आणि पहिल्याच खेपेला जागा बरोबर सांगितली. मला तेव्हा वाटलं, काय कान आहेत आईचे. आता वाटतं, तिने ते पहिल्यांदा केलं नव्हतं. तुम्ही तिला सकाळी बरोबर नेत होतात का? ती ऐकत होती आणि तुम्ही लिहीत होतात का? मग थांबलात कशासाठी? मी परत आले म्हणून? पाटलांची चौकशी होऊन गेली होती, बाईमाणूस शेतात टोपणं लावून बसलेलं दिसलं तर गाव काय म्हणेल म्हणून? की तुम्ही मधला आकडा घ्यायची रीत स्वतःच शोधली होतीत आणि एक आठवडा करून पाहून सोडून दिलीत? तेही शक्य आहे. मेकॅनिक माणसाला ते सुचणं अवघड नाही. आणि आई जेवताना तो प्रश्न विचारत होती, एकाच वडीचं लागोपाठ दोनदा मोजलं तर, तो तिला आपोआप सुचला होता की तुम्हा दोघांचं काही ठरलं होतं? ओट्यावर बसून तुम्ही मोकळ्या जागेवर बोट ठेवून इतका वेळ गप्प राहिलात. मी इतकी वर्षं समजत आले की तुम्हाला धक्का बसला. आता वाटतं, तुम्हाला सगळं आधीच माहीत होतं आणि मी ते कशावरून काढलं एवढंच तुम्ही बघत होतात. ‘चांगलं काढलंस’ असं म्हणालात तेव्हा तुमचा आवाज कसा होता, हे मी आठवायचा प्रयत्न करते आणि प्रत्येक वेळी वेगळा ऐकू येतो.

मी त्या मुलीला सांगितलं की मला माहीत नाही. ती खूश झाली. तिने आता तीन शक्यता लिहून आणल्या आहेत आणि त्यांतली कोणती कशी तपासता येईल ते तिला माझ्याकडून हवं आहे. मी तिला म्हटलं, यातली एकही आता तपासता येणार नाही. तिचा त्यावर विश्वास बसलेला नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. आणि एक कबूल करते, अण्णा. तुमची फार आठवण आली म्हणून मी लिहायला बसले नाही. शंका होती, आणि विचारायला दुसरं कोणी राहिलं नाही.